थोर माणसं वर्गात शिकवताना: नव्या शिक्षकांसाठी

पाचवीच्या वर्गात विचारून बघा, "सावित्रीबाई फुले कोण होत्या?" निम्म्याहून जास्त हात वर जातात आणि उत्तर एका सुरात येतं: मुलींना शिकवणाऱ्या पहिल्या शिक्षिका. मग विचारा, "१८४८ साली त्यांचं वय किती होतं?" वर्ग गप्प. जन्म ३ जानेवारी १८३१, हे याच मुलांनी वहीत कितीदा तरी लिहिलेलं असतं, पण वजाबाकी कुणी केलेली नसते. उत्तर सतरा. बारावीतल्या ताईच्या वयाची मुलगी पुण्यात भिडेवाड्यातल्या शाळेत शिकवायला उभी राहिली, हे कळलं की मागच्या बाकावरची कुजबुजही थांबते.

हा लेख नुकत्याच रुजू झालेल्या शिक्षकांसाठी आहे. विशेषतः तिसरी ते आठवीचा परिसर अभ्यास किंवा इतिहास ज्यांच्या वाट्याला आलाय आणि महाराष्ट्रातल्या मोठ्या माणसांबद्दल मुलांना नेमकं सांगायचं काय, हा प्रश्न ज्यांना पडलाय त्यांच्यासाठी. पद्धत साधी आहे. एक व्यक्ती, तिचा एक निर्णय, आणि त्या निर्णयाशी जोडलेला एक कागद किंवा एक जागा. एवढं हाताशी असेल तर तास उभा राहतो. नसेल तर तो जयंतीच्या भाषणासारखा होतो, आणि ती भाषणं मुलं वर्षभर ऐकतच असतात.

आधी यादी कापा

वर्षभरात कोणाकोणाच्या जयंत्या साजऱ्या करायच्या, याचं सरकारी परिपत्रक दरवर्षी शाळेत येतं. ती यादी लांबलचक असते. परिपाठाला ती ठीक, शिकवायला नाही. वर्षभरात पाच किंवा सहा व्यक्ती नीट शिकवल्या तरी पुष्कळ झालं. बाकीच्यांची नावं मुलांच्या कानावर पडत राहतीलच.

या पाच-सहांपैकी पहिली व्यक्ती आपल्या तालुक्यातली, निदान जिल्ह्यातली हवी. अमरावती जिल्ह्यात असाल तर शेंडगावचे गाडगेबाबा, यावलीचे तुकडोजी महाराज आणि पापळचे पंजाबराव देशमुख असे तिघे एकाच जिल्ह्यातले. कोण निवडायचा हाच प्रश्न. जळगावात असोद्याच्या बहिणाबाई चौधरी. सांगलीत वाटेगावचे अण्णाभाऊ साठे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे बाबुराव शेडमाके, ज्यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला फाशी दिलं. सिंधुदुर्गात पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर, 'दर्पण'चे संपादक. आपल्या गावाजवळचा माणूस आधी घेतला की 'असली माणसं दुसरीकडेच कुठेतरी होतात' हा मुलांचा समज तिथेच ढिला होतो.

उरलेल्या चार-पाच जणांत मुद्दाम वेगळ्या भागातले निवडा. आपली पुस्तकं, भाषणं आणि आपली स्वतःची आठवण पुणे-सातारा-कोल्हापूरकडे झुकते, हे मान्य करायला हरकत नाही. परभणीतल्या मुलाला स्वामी रामानंद तीर्थांचं नाव विद्यापीठाच्या पाटीवरच भेटतं, आणि खानदेशातला भिल्ल पुढारी खाज्या नाईक पुण्यातल्या मुलाला भेटतच नाही.

आणखी एक चाळणी लावा: काम कोणतं? राज्यकर्ते आणि समाजसुधारक यांनीच यादी भरून जाते. त्यात एखादा कलावंत, एखादी डॉक्टर, एखादा शाळा चालवणारा येऊ द्या. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला पडद्यावर आला. मोबाइलवर रील पाहणाऱ्या मुलांशी त्यावर बोलण्यासारखं खूप आहे. निम्म्या स्त्रिया हव्यात, हे वेगळं सांगायला नको. पण यादी करून झाल्यावर मोजून बघा. गडबडीत एकच निघते आणि ती सावित्रीबाईच असतात.

नकाशा आधी, गोष्ट नंतर

मुलांना वाटतं महाराष्ट्र कायमचाच होता. राज्य झालं १ मे १९६० ला. शाहू महाराजांनी राज्य केलं ते कोल्हापूर संस्थानात. रामानंद तीर्थ निजामाच्या हैदराबाद संस्थानाविरुद्ध लढले, आणि मराठवाडा त्या राजवटीतून सुटला तो १७ सप्टेंबर १९४८ ला. पंजाबरावांचा विदर्भ मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. हे न सांगता गोष्ट सुरू केली तर "सर, मग त्यांनी मुख्यमंत्र्यांकडे तक्रार का नाही केली?" असा प्रश्न येतो. हसू नका. प्रश्न रास्त आहे. कोणाच्या राज्यात कोणाकडे दाद मागायची, हेच तर मुलांना समजून घ्यायचंय.

यातूनच एक झकास चर्चा निघते: 'आपला' कोण? बाबासाहेबांचा जन्म मध्य प्रदेशातल्या महूचा, मूळ गाव रत्नागिरीतलं आंबडवे, शाळा साताऱ्यात. अहिल्याबाई होळकरांचा जन्म आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चौंडीचा, पण कारभार केला नर्मदेकाठच्या महेश्वरहून. रामानंद तीर्थांचं जन्मगाव सिंदगी आज कर्नाटकात आहे, आणि आपण त्यांना ओळखतो ते अंबाजोगाईत शाळेचे मुख्याध्यापक असलेले आणि पुढे मराठवाड्याच्या मुक्तीचे पुढारी झालेले म्हणून. जन्म बघायचा, काम बघायचं की भाषा? मुलांनाच ठरवू द्या. सहावीची मुलं यावर कडाक्याने भांडतात. तुम्ही मधे पडू नका, फक्त फळ्यावर त्यांचे निकष लिहीत राहा.

यासाठी भिंतीवरचा राज्याचा नकाशा पुरे. एकेक व्यक्ती झाली की जन्मगावाला एका रंगाची आणि कामाच्या ठिकाणाला दुसऱ्या रंगाची टाचणी लावा. वर्षाअखेरीस कोणता भाग कोरा राहिला ते मुलंच दाखवतात, आणि पुढच्या वर्षीची निवड सोपी होते.

निर्णय शोधा

हा या पद्धतीचा कणा आहे, म्हणून इथे वेळ घाला. 'जन्म, बालपण, शिक्षण, कार्य, मृत्यू' या साच्यात बसवलं की सगळी माणसं सारखी दिसू लागतात: सगळे गरीब, सगळे हुशार, सगळे दिव्याखाली अभ्यास करणारे. माणूस वेगळा दिसतो तो दोन रस्ते समोर असताना त्याने कोणता धरला त्यावरून. म्हणून तयारी करताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: या माणसाला दुसरं काय करता आलं असतं?

रखमाबाईंचं बघा. लग्न झालं अकराव्या वर्षी. नवऱ्याने १८८४ मध्ये नांदायला येण्यासाठी दावा लावला. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. प्रकरण १८८८ मध्ये तडजोडीने मिटलं, आणि पुढे त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या. आठवी-नववीच्या मुलींसमोर हा निर्णय ठेवला की 'समाजसुधारणा' या शब्दाची व्याख्या सांगायची गरजच पडत नाही.

साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलं असताना. "थोडं थांबा, आधी इंग्रज जाऊ द्या" असं म्हणायला केवढी जागा होती! भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणाची सोय करायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. इथे निर्णय कुणाचा, असं विचारलं तर मुलं बरोबर लक्ष्मीबाईंकडे बोट दाखवतात.

महाडचं चवदार तळं शिकवताना बहुतेक ठिकाणी थेट २० मार्च १९२७ च्या बाबासाहेबांच्या सत्याग्रहापासून सुरुवात होते, आणि त्यामुळे खरी गंमत हातची जाते. १९२३ मध्येच मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला होता: सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. म्हणजे कागदावर तळं खुलंच होतं. मग चालत जाऊन पाणी पिण्याची गरज का पडली? सातवीच्या वर्गात हा प्रश्न फळ्यावर लिहा आणि दोन मिनिटं गप्प राहा. उत्तरं येतात, आणि ती गावच्या हापशाबद्दलही असतात.

यातच दुसरी सवय लागते. कोणतंही मोठं काम एकट्याने झालेलं नसतं. बोल्यांचा ठराव नसता, महाडात सुरेंद्रनाथ टिपणिसांसारखे साथीदार नसते तर? भिडेवाड्याची जागा तात्यासाहेब भिड्यांनी दिली नसती तर? 'सोबत कोण होतं' हा रकाना मुलांच्या वहीत कायमचा ठेवा.

कागद कुठे मिळेल

पाठ्यपुस्तक आधी वाचा, त्याला तुच्छ लेखू नका. चौथीचं शिवछत्रपतींचं पुस्तक पिढ्यान् पिढ्या मुलांच्या मनात बसलंय ते त्यातल्या गोष्टींमुळे. पण पाठ्यपुस्तकावर थांबूही नका.

चरित्राचा सांगाडा तपासायला मराठी विश्वकोश पुरतो. तो संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. स्थळांसाठी राज्य शासनाची जिल्हा गॅझेटियर्स बघा. महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलंय, बाबासाहेबांचं लेखन आणि भाषणं राज्य शासनाने खंडांत छापली आहेत. तालुक्याच्या वाचनालयात यातलं काही ना काही असतं. ग्रंथपालांना व्यक्तीचं नाव सांगण्यापेक्षा "मला अमुक सालचं पत्र हवंय" असं सांगा. असा गिऱ्हाईक त्यांना क्वचित भेटतो, ते कपाट उघडून देतात.

मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरासाठी एक नियम पाळा: फोटोवर छापलेलं वाक्य कोणत्या पुस्तकातलं, कोणत्या पानावरचं हे सापडलं नाही तर ते फळ्यावर जात नाही. बाबासाहेब आणि शिवाजी महाराज यांच्या नावावर तर रोज नवी वाक्यं तयार होतात. आख्यायिका सांगायला मनाई नाही, फक्त "असं सांगतात" हे दोन शब्द आधी लावा. पाचवीच्या मुलाला 'असं सांगतात' आणि 'असं लिहून ठेवलंय' यातला फरक छान कळतो.

तारखांच्या बाबतीत मुलांना एक छोटी युक्ती शिकवून ठेवा. जुन्या कागदांत शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन, पण वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत, म्हणजे जानेवारी लागल्यावर, ७९. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शके १५९६, ज्येष्ठ महिना: १६७४. जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य ३: इथे ७९ मिळवायचे, म्हणून १६३०, १९ फेब्रुवारी. काही जण तिथीने जयंती का करतात आणि काही तारखेने का, हेही इथेच उलगडतं. जन्मवर्षाबद्दल अभ्यासकांत बराच काळ वाद होता, १६२७ असंही मानलं जायचं. हे आठवीला सांगावं. तिसरीला नको.

एक तास जवळून

पाचवी-सहावीसाठी सावित्रीबाईंचं एक पत्र घेऊ. एप्रिल १८७७ मध्ये त्यांनी जुन्नरजवळच्या ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं. त्यांच्या समग्र वाङ्मयात ते छापलेलं आहे.

तासाच्या सुरुवातीला नाव सांगायचं नाही. एवढंच सांगा: दीडशे वर्षांपूर्वी एका बाईने आपल्या नवऱ्याला पाठवलेलं हे पत्र आहे. मग ओतूर नकाशावर शोधायचं. मग पत्रातला दुष्काळाचा भाग मोठ्याने, सावकाश वाचायचा. भाषा जुनी आहे, अडखळायला होतं. तरी सोपं करून सांगायची घाई करू नका. न कळणारे शब्द मुलांना वहीत उतरवू द्या. निम्मे त्यांच्या आजीला माहीत असतात.

वाचून झालं की तीन प्रश्न. ही बाई तिथे काय करतेय? सोबत कोण आहे? कुणाला त्रास होतोय? मुलं ओळी पकडून उत्तरं देतात: माणसं गाव सोडून चाललीत, गुरं मरताहेत, हे लोक मदत करताहेत. पुढे पत्रात गडबड होते. सत्यशोधक कार्यकर्त्यांना, म्हणजे जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाच्या माणसांना, सरकारी माणसं पकडतात. इथे वाचन थांबवा. "तुम्ही या बाईच्या जागी आहात. आता काय कराल?"

या पाच मिनिटांसाठीच सगळा खटाटोप आहे. एक म्हणतो पळून जाईन. एक म्हणते नवऱ्याला पत्र लिहून बोलावून घेईन. कुणीतरी लढाई सुचवतोच. सगळं फळ्यावर लिहा, कुणाचं चूक म्हणू नका. मग पुढचं वाचा: ती कलेक्टरला जाऊन भेटते, आपली बाजू मांडते, माणसं सुटतात, आणि कलेक्टर चार गाड्या ज्वारी पाठवतो.

आता नाव सांगा. वर्गात जो गलका होतो तो होऊ द्या, कारण मुलांच्या डोक्यातल्या सावित्रीबाई पुस्तक हातात घेऊन उभ्या असतात, दुष्काळी गावात कलेक्टरशी बोलत नसतात. मग फळ्यावर पुन्हा वजाबाकी: १८७७ ला वय ४६. मग २० वर्षं पुढे, पुण्यातला प्लेग. रोग्यांची सेवा करताना त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या, वय ६६. सतराव्या वर्षी जे सुरू केलं ते ४६ला आणि ६६लाही चालूच होतं, हे तीन आकड्यांतून मुलांना आपोआप दिसतं.

एक गोष्ट मुलांना खटकेल: पत्रातला कलेक्टर भला निघतो. "पण इंग्रज तर वाईट होते ना बाई?" गोंधळ लगेच मिटवायला जाऊ नका. पुढे दहा इयत्ता त्यांना याच गोंधळाशी खेळायचंय.

मोठ्या वर्गासाठी: एक पानी हुकूम

आठवीला शाहू महाराज शिकवताना २६ जुलै १९०२ चा हुकूम घ्या. मजकूर थोडका आहे. आशय असा: आजपासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतल्या शिकलेल्या लोकांनी भराव्यात, ज्या कचेरीत त्यांचं प्रमाण अर्ध्याहून कमी असेल तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच व्हावी, आणि नेमणुकांची माहिती खातेप्रमुखांनी दर तिमाहीला पाठवावी.

आधी गणित करा. १८९४ मध्ये महाराज गादीवर आले तेव्हा दरबारच्या सामान्य प्रशासनातल्या ७१ पैकी ६० जागा एकाच जातीकडे होत्या. टक्केवारी काढायला लावा, साधारण ८५ येते. हे आकडे मांडताना सूर साधा ठेवा. त्या जातीतलं मूल तुमच्याच वर्गात बसलेलं असतं, आणि १८९४ च्या कचेरीशी त्याचा काही संबंध नाही.

मग हुकुमातलं शेवटचं कलम काढा आणि विचारा, हे कशाला घातलं असेल? तिमाही अहवाल ऐकायला रुक्ष वाटतं, पण मुलं थोड्या वेळाने नेमकं सांगतात: "नाहीतर कुणी केलंच नसतं, सर." शाळेत सूचना निघतात आणि पाळल्या जात नाहीत, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? दयाळू राजाच्या दहा गोष्टींपेक्षा या एका कलमातून शाहू महाराजांचं डोकं कसं चालायचं ते जास्त कळतं. हवं तर पुढे १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय जोडा. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. दंड का, विचारा.

शाळेतलंच रजिस्टर

सहल काढायला पैसे आणि परवानग्या लागतात. जमली तर महाड, सावित्रीबाईंचं नायगाव, रायगड जरूर करा. नाही जमली तरी एक ऐतिहासिक कागद तुमच्या शाळेच्या कपाटात पडून आहे.

साताऱ्याच्या शाळेत, आताच्या प्रतापसिंह हायस्कूलात, ७ नोव्हेंबर १९०० ला एका मुलाचं नाव दाखल झालं: भिवा रामजी आंबेडकर. ते रजिस्टर जपून ठेवलेलं आहे आणि त्या दिवसाची आठवण म्हणून राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस पाळतात. त्या दिवशी मुख्याध्यापकांना विनंती करून आपल्या शाळेचं सगळ्यात जुनं दाखल-खारीज रजिस्टर वर्गात आणा. त्यात मुली कितव्या साली दिसायला लागल्या? शाळा सोडण्याच्या कारणात काय लिहिलंय? 'घरकाम', 'गैरहजर', 'परगावी'. मुलं एका पानावर तासभर रमतात. फक्त आणण्याआधी नावाच्या आणि जातीच्या रकान्यावर कागदाची पट्टी चिकटवा. गाव लहान असतं, आडनावं ओळखू येतात.

जात, आणि 'आमचे' महापुरुष

कधी ना कधी कुणीतरी विचारणार, "ते कोणत्या समाजाचे होते?" हा प्रश्न दडपला की तो मैदानात जातो आणि तिथे वाईट रूप घेतो. जिथे जात हाच विषय आहे, तिथे ती स्पष्ट सांगा. मुक्ता साळवेने १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. ती फुल्यांच्या शाळेतली, चौदा-एक वर्षांची विद्यार्थिनी होती. हे जात न सांगता शिकवताच येणार नाही. आमचा धर्म कोणता ते तरी देवाने आम्हाला सांगावं, अशी तिची विचारणा आहे. सहावीतल्या मुलीच्या वयाच्या जवळची मुलगी हे विचारतेय, एवढ्यावर वर्ग ऐकतो.

पण काही गोष्टी कटाक्षाने टाळा. अस्पृश्यतेचा प्रसंग नाटुकल्यात करून दाखवायचा म्हणून कुणा मुलाला दूर बसवू नका, आणि अशा भूमिका आडनाव बघून तर मुळीच देऊ नका. एखाद्या समाजाच्या मुलानेच 'त्यांच्या' महापुरुषाचं भाषण करायचं, हा रिवाज पुष्कळ शाळांत नकळत चालतो. चिठ्ठ्या टाका. अण्णाभाऊ कुणाच्याही वाट्याला येऊ देत, अहिल्याबाईही.

पालक तक्रार घेऊन आलेच तर वाद घालत बसण्यापेक्षा तुमचा कागद दाखवा: हे पुस्तक, हे पान, एवढंच वाचलं. मूळ साधन हाताशी ठेवण्याचा हा फायदा नव्या शिक्षकाला पहिल्याच वर्षी कळतो.

जयंतीच्या दिवशी

"अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजन वर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" ही सुरुवात बंद करायला मुख्याध्यापकांची परवानगी लागत नाही. भाषणाऐवजी दोन मिनिटांत एकच निर्णय सांगायला लावा आणि शेवटी मुलाने समोरच्यांना एक प्रश्न विचारायचा. वेशभूषा हवी तर असू द्या, पोरांना मजा येते. फक्त कापसाच्या दाढीतून आवाज ऐकू येत नाही.

शाळेचं कॅलेंडर मात्र आधी बघून ठेवा. ११ एप्रिल आणि १४ एप्रिल परीक्षांच्या तोंडावर किंवा मधेच येतात. ३१ मे, अहिल्याबाईंची जयंती, नेहमी सुट्टीत; त्यामुळे चौंडीपासून दोन तासांवरच्या मुलांनाही त्या देवळांपलीकडे ठाऊक नसतात. २६ जूनला शाळा नुकती उघडलेली असते, विदर्भात तर तेव्हा वर्गखोल्या झाडण्यातच दिवस जातात. तारखेच्या मागे धावू नका. फुले आणि आंबेडकर जानेवारीत, शाहू महाराज ऑगस्टमध्ये, अहिल्याबाई दिवाळीनंतर शिकवा. जयंतीच्या दिवशी फोटोला हार घाला, पुरे.

तपासायचं कसं

जन्मतारीख विचारणारा प्रश्न एकच ठेवा. तोही असा की वय काढावं लागेल. बाकी प्रश्न निर्णयावर. 'चवदार तळं ठरावाने खुलं झालं होतं, तरी सत्याग्रह का करावा लागला?' 'रखमाबाईंसमोर कोणते दोन रस्ते होते?' पाचवीला तोंडी विचारा, सातवीपासून चार ओळी लिहायला लावा. 'त्या थोर होत्या, त्यांना माझे शत शत नमन' एवढंच लिहिलेल्या उत्तराला गुण देऊ नका, आणि का दिले नाहीत ते एका ओळीत खाली लिहा. पहिल्या चाचणीनंतर अशी उत्तरं निम्म्याने घटतात.

तालुक्यातल्या व्यक्तीसाठी लेखी परीक्षा नकोच. मुलांनी घरातल्या किंवा गल्लीतल्या एका म्हाताऱ्या माणसाला तीन प्रश्न विचारून आणायचे: नाव कधी ऐकलं, कुणाकडून ऐकलं, काय ऐकलं. उत्तरं जशी बोलली तशी, बोलीतच लिहायची. ही पानं एका फाइलमध्ये लावून कपाटात ठेवा आणि फाइलवर साल टाका. पुढच्या वर्षीच्या वर्गाला त्यातली दोन पानं वाचून दाखवायची आणि विचारायचं: यातलं 'असं सांगतात' कोणतं, आणि 'लिहून ठेवलंय' कशात सापडेल?